स्पीकर बदलण्याआधी सरकवून पाहा

खर्जदार

दोन स्पीकर, एक ॲम्प आणि गाणं वाजवायची काहीतरी सोय झाली की स्टीरिओ झाला, असं आपण धरून चालतो. पण डोळे मिटून ऐका. आवाज दोन पेट्यांतून येतोय असं वाटतं, की पेट्या गायब होऊन गाणारी व्यक्ती त्यांच्या मधोमध, थोडी मागे बसली आहे असं वाटतं? दुसरं होत नसेल तर स्टीरिओ अजून लागलेला नाही. आणि माझं ठाम मत असं की बहुतेक वेळा दोष उपकरणाचा नसतो, जागेचा असतो.

माझी सुरुवातीची मांडणी अशी. दोन्ही ट्वीटरमधलं (स्पीकरमधल्या वरच्या स्वरांच्या छोट्या भागांमधलं) अंतर जेवढं, तेवढंच प्रत्येक ट्वीटरपासून कानापर्यंतचं. मध्यम खोलीत १.८ ते २.२ मीटर चालतं. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ९० ते १०० सेंमी. डावा-उजवा स्पीकर आपापल्या बाजूच्या भिंतीपासून सारख्या अंतरावर. मग एकाच गायकाचं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावायचं. मोनोत दोन्हीकडून हुबेहूब तेच येतं, त्यामुळे आवाज हाताच्या पंजाएवढ्या जागेत, बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो पसरट वाटला किंवा एका बाजूला झुकला तर मोजपट्टी पुन्हा काढा.

तुमची मोजमापं लिहा, कशाने काय बदललं तेही लिहा. एक अडचणही आहे: खोली ४.२ × ३ मीटर, उंची २.७. सोफा मागच्या ३ मीटरच्या भिंतीला टेकलेला, तो हलणार नाही. डग्ग्याचे काही ठरावीक सूर घुमतात, बाकीचे नीट येतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दोनकान

+१. मोजपट्टीपेक्षा न ताणणारी दोरी सोपी पडते. खुर्चीच्या पाठीला, डोकं येतं तिथे एक टोक बांधा आणि दुसरं टोक एकेका ट्वीटरला लावून बघा. दोन-तीन सेंमीचा फरक चालतो. फरक एक मिलिसेकंदाचा, म्हणजे साधारण ३४ सेंमीचा झाला तर चित्र, म्हणजे गायक जिथे बसल्यासारखा वाटतो ती जागा, जवळपास पूर्ण जवळच्या स्पीकरकडे पळतं.

स्पीकर आत किती वळवायचे हे नंतर. आधी दोन्ही अगदी सरळ ठेवा, मग थोडे थोडे वळवत जा. मधला आवाज घट्ट झाला की थांबा. नेम थेट कानावर असला की काही ट्वीटर टोचतात. तिथे नेम डोक्याच्या मागे अर्ध्या मीटरवर धरला तर ट्रेबल मऊ होतो आणि मधलं चित्रही टिकतं.

वूफरराव

घरच्यांनी स्पीकर पुन्हा भिंतीला लावून ठेवले की किती डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक पडतो, याचंही मोजमाप कुणीतरी द्या. (हलके घ्या.)

ओहमकर

वूफरराव, गंमत बाजूला ठेवली तरी याचं उत्तर आहे. वूफर (स्पीकरमधला खालच्या स्वरांचा मोठा भाग) भिंतीजवळ गेला की भिंत त्याचा आवाज परत पाठवते आणि खालच्या पट्टीत जास्तीत जास्त ६ डीबीची भर पडते. कोपऱ्यात त्याहूनही जास्त. पण भिंतीपासून दूर नेल्यावर वेगळं दुखणं सुरू होतं. ज्या स्वराच्या तरंगलांबीचा पाव भाग म्हणजे वूफर ते भिंत हे अंतर, त्या स्वराचं परावर्तन उलट्या कलेत, म्हणजे मूळ लाटेच्या नेमकं उलट येतं आणि तो स्वर कापला जातो. ३४३ ला (आवाजाचा वेग, मीटर प्रति सेकंद) अंतराच्या चौपटीने भागा: ६० सेंमीला १४३ हर्ट्झ, १ मीटरला ८६. ६० सेंमीवर ठेवलेल्या स्पीकरमध्ये पुरुषी आवाज पोकळ वाटतो तो यामुळेच. त्यावर ॲम्प बदलणं हा उपाय नव्हे.

तरी खर्जदारांशी थोडा असहमत. ॲम्पचं गणितही एकदा करावं. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डीबी असेल तर १ वॉटला १ मीटरवर ८७. अडीच मीटरवर दोन स्पीकर मिळून खोलीत साधारण ८४ धरा. सरासरी ७५ डीबीवर ऐकायला तिथे वॉटचा आठवा भाग पुरतो. पण नीट मुद्रित केलेल्या संगीतात क्षणिक उसळी सरासरीच्या २० डीबी वर जाते, म्हणजे शंभरपट शक्ती: साडेबारा वॉट. म्हणून ३०-४० वॉटचा प्रामाणिक ॲम्प घरात भरपूर होतो. १५ वॉटचा ॲम्प सरासरी ८५ वर नेलात तर मात्र तो लाटेचे शेंडे कापायला लागेल, आणि जोर लावून कापलेल्या ॲम्पवर पहिला बळी ट्वीटरचा जातो.

आणि एक: २.८३ व्होल्टला मोजलेला संवेदनशीलतेचा आकडा ४ ओहमच्या स्पीकरसाठी १ वॉटचा नसतो, २ वॉटचा असतो. जाहिरातीतली ३ डीबीची चलाखी इथे असते.

सूरपेटी

जागेचं ठीक आहे, पण तारांबद्दल कुणीच बोलत नाही. जाड, शुद्ध तांब्याच्या तारेने आवाज उघडतो हे कानाला कळतं. सगळं आकड्यांत येत नाही.

ओहमकर

जाड तारेचं आकड्यांत येतं. ०.७५ चौरस मिमी तांबं, ५ मीटर लांबी: जाऊन-येऊन १० मीटर, रोध ०.२३ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला हे साडेपाच टक्क्यांहून जास्त, टाळलेलं बरं. २.५ चौरस मिमी घेतली तर ०.०७ ओहम, विषय संपला. त्यापुढे पैसे घालून मिळतं ते तारेवरचं सुंदर वेष्टण. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आली तर त्याच जाडीला रोध दीडपटीपेक्षा जास्त धरा. टोक खरवडून आत पांढरं दिसतंय का बघा, पण कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही वरून पांढरंच दिसतं.

कानाची परीक्षा घ्यायचीच तर नीट घ्या. १ किलोहर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. दोन्ही तारांना पातळी १ टक्क्याच्या आत, म्हणजे ०.१ डीबीच्या आत जुळवा. मग बदलणारा माणूस दुसरा असू द्या. अर्ध्या डीबीने मोठा वाजणारा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. बहुतेक वाद तिथेच जन्मतात.

सूरपेटी

पातळी जुळवण्याचा मुद्दा मान्य. बाकी मतभेद राखून ठेवते.

शांतवाचक

तारांवरून धागा शंभरी गाठणार असं वाटलं होतं. निराशा झाली.

तारतम्य

यादीत सगळ्यात आधी हवी ती गोष्ट राहूनच गेली: पोलॅरिटी, म्हणजे तारांचं अधिक-उणे. एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या असतील तर बेस पातळ होतो आणि मधला आवाज डोक्याभोवती पसरतो. काहींना तो 'मोकळा' म्हणून आवडतोही! मोनो लावून एका स्पीकरच्या तारा उलटून बघा. ज्या जोडणीत बेस जास्त आणि आवाज मध्ये, ती बरोबर.

पेटीच्या आत कुणी हात घातला असेल तर १.५ व्होल्टचा साधा सेल घ्या. ॲम्प काढून, स्पीकरच्या टोकांना अधिक ते अधिक असा अर्धा सेकंद टेकवा. वूफर बाहेर आला पाहिजे. काही जुन्या जेबीएल ड्रायव्हरमध्ये हे उलट असतं, म्हणून दोन्ही स्पीकर एकाच दिशेला हलतात का हे जास्त महत्त्वाचं. सुटा ट्वीटर मात्र सेलला लावू नका.

तबकडीवाला

अवांतर आहे, पण स्टीरिओच्या धाग्यात तबकडी नको म्हणजे कमाल. ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ च्या पेटंट अर्जात एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कोरायची कल्पना मांडली होती. त्या ४५ अंशांच्या भिंतींवरच स्टीरिओ एलपी १९५७-५८ मध्ये बाजारात आली.

त्यातून एक फुकटचा फायदा मिळतो. मोनो तबकडीत सुई फक्त आडवी हलायला हवी, उभ्या हालचालीत असतो तो सगळा कचरा. ॲम्पवरचं मोनोचं बटण दाबलं की दोन वाहिन्या एकत्र होऊन ती उभी खरखर वजा होते. मोनो तबकडी, स्टीरिओ सुई आणि न दाबलेलं बटण हे पाप अनेक घरांत चालू आहे.

सुईचं वजन लावायची पद्धत: आधी अँटीस्केट (सुईचा हात आत ओढला जातो ते रोखणारी सोय) शून्यावर. मागचं वजन फिरवून हात आडवा तरंगता ठेवा. वजन न हलवता आकड्यांची चकतीच तेवढी शून्यावर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवून शिफारशीच्या आकड्यावर जा. ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २. शेवटी अँटीस्केट त्याच आकड्याला. 'तबकडी झिजू नये म्हणून' वजन कमी ठेवणारे नेमकं उलटं करतात. हलकी सुई जोरकस जागी भिंत सोडून उडते आणि परत आपटताना खाच ओरबाडते. शेवटच्या गाण्यात 'स' फाटून 'श्श' व्हायला लागला तर वजन आणि काडतुसाचा (सुई ज्यात बसते त्या भागाचा) कोन दोन्ही तपासा. कोनमापक पट्टीवर सुई ६६ आणि १२०.९ मिमी या दोन त्रिज्यांवर असताना काडतूस रेषेला समांतर यायला हवं.

नवखी

दादा, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या याच सुईवर लावल्या तर चालतं का? आणि स्पिरिटने पुसलेल्या चालतात का?

तबकडीवाला

नवखीताई, दोन्हीला नाही. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला ६५ ते ७५ ची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरत राहते. तिथे धूळ असते, गाणं असतं भिंतींवर. आणि स्पिरिट तर अजिबात नको. ७८ मधलं लाखेचं मिश्रण अल्कोहोलमध्ये विरघळतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साध्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून घ्या. विनाइलला आयसोप्रोपिल चालतं, पण पातळ करून.

नवखी

धन्यवाद! वाचनखूण साठवली आहे.

जुनंसोनं

जुने स्पीकर 'वय झालं' म्हणून टाकणाऱ्यांसाठी. वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. भुगा झाला तर तो पंधरा-वीस वर्षांचा फोम कुजलाय, शंकू (हलणारा पडदा) आणि कॉइल (त्यामागचं तारेचं वेटोळं) बहुधा ठणठणीत असतात. रबराची कड असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. नवी कड शंकूचा व्यास, बास्केटचा (बाहेरच्या सांगाड्याचा) व्यास आणि घडीची रुंदी मोजून मागवायची. जुना गोंद आयसोप्रोपिलने मऊ करून खरवडा. कड आधी शंकूला चिकटवून पूर्ण वाळू द्या. मग खरी कसोटी, ती कॉइल मध्यात आणण्याची: बास्केटला गोंद लावल्यावर ३० हर्ट्झचा हलका स्वर चालू ठेवा आणि खरखर न होता शंकू हलेल तिथे कड दाबत जा. २४ तास हात लावू नका. जोडीतली एकच कड बदलू नये.

जुना ॲम्प जोडण्याआधी स्पीकर काढून टोकांवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत, १०० च्या वर गेला तर आधी दुरुस्ती. व्हॉल्यूम फिरवताना खरखरत असेल तर वीज काढून खुंटीच्या आत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि खुंटी वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. गंज सोडवायचं तेल तिथे मारू नका, आतला कार्बनचा थर खराब होऊ शकतो.

आलेखराव

खर्जदारांच्या मूळ प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही, म्हणून. खोलीचे घुमणारे सूर ३४३ ला मितीच्या दुपटीने भागून मिळतात. ४.२ मीटरला ४१ हर्ट्झ, मग ८२. ३ मीटर रुंदीला ५७. उंचीला ६३-६४. मागच्या भिंतीला डोकं टेकून बसलं की लांबीचे सगळे सूर तिथे सर्वात जोरात असतात. रुंदीच्या ५७ चा त्रास बरोबर मधोमध बसणाऱ्याला फारसा होत नाही.

म्हणून आधी सांगा, नेमकं काय घुमतंय. ३० ते १०० हर्ट्झचे शुद्ध स्वर एकेक हर्ट्झने वाढवत, सारख्या पातळीवर, हळू आवाजात लावा आणि लिहून काढा. कॅलिब्रेशनची फाइल असलेला युएसबी माइक आणि रूम ईक्यू विझर्ड हे मोफत सॉफ्टवेअर असेल तर पाच मिनिटांचं काम. माइक कानाच्या जागी, मग आजूबाजूला चार-पाच ठिकाणी, आणि सरासरी. ३०० हर्ट्झच्या वरचा आलेख ईक्यूने (स्वरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) 'सरळ' करायच्या नादी लागू नका, तिथे खोलीपेक्षा स्पीकर बोलतो. आणि उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. ६ डीबीची भर म्हणजे चौपट शक्ती, आणि खड्डा तसाच राहतो, कारण परावर्तनही तेवढंच वाढतं.

मंद्रसप्तक

सगळं खरं, पण इतकं मोजल्यावर ऐकायचं कधी? रात्री हळू आवाजात ऐकताना तुमचा सपाट आलेख पातळ वाटणारच. कमी पातळीला कान खालचे स्वर मध्यापेक्षा बरेच कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलंय. बेसची खुंटी ३-४ डीबी वर केली तर कुणी पकडून नेत नाही. बेस-ट्रेबलच्या खुंट्या वगळणारं 'डायरेक्ट' बटण म्हणजे सोवळं नव्हे.

परीक्षा घ्यायचीच तर तानपुऱ्याची घ्या. जवारी नीट लागलेला तानपुरा चांगल्या मांडणीत ऐकला की प्रत्येक तारेतून निघणारी वरच्या स्वरांची रांग वेगळी ऐकू येते, षड्जाच्या तारेतून गंधार हलकेच वर येतो. ट्वीटर टोचरा असेल तर तिथे नुसती झिणझिण होते. मांडणी चुकली असेल तर तानपुरा गायकाच्या मागे राहत नाही, त्याच्या अंगावर येतो. तबल्याची चाट आणि डग्ग्याची घुम एकाच जागेहून आली पाहिजेत. घुम खोलीभर आणि चाट एका बाजूला असेल तर आलेखरावांकडे परत जा.

दोनकान

मंद्रसप्तक, गंधाराचं अगदी बरोबर. त्यासाठी बाजूच्या भिंतींकडेही बघा. कुणाला तरी आरसा भिंतीला लावून सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून ट्वीटर आरशात दिसला ती पहिल्या परावर्तनाची जागा. तिथे पुस्तकांचं कपाट किंवा १० सेंमी जाड रॉकवूलचं पॅनेल. अडीच सेंमीचा फोम भिंतभर लावू नका. तो फक्त वरचे स्वर खातो, खोली मंद होते आणि घुमणं तसंच राहतं.

खर्जदार

आलेखराव, स्वर लावून पाहिले. ८० ते ८४ जोरात घुमतात. ४१ जेमतेम ऐकू येतो. वूफर समोरच्या भिंतीपासून ३५ सेंमीवर आहेत. पोर्ट (पेटीला हवेसाठी ठेवलेलं भोक) मागे आहे.

आलेखराव

मग उत्तर सोपं आहे. ८२ चा सूर लांबीच्या पाव भागावर शांत असतो: ४.२ ला चारने भागून १.०५ मीटर. वूफर तिथे ठेवलात तर तो सूर चेतवलाच जात नाही. ओहमकरांच्या सूत्रात १.०५ घालून बघा, तेच ८२ येतात. दोन वेगळे उपाय नाहीत, भौतिकशास्त्र एकच. ४१ कमी येतोय कारण लहान स्पीकर तिथे उतरतच नसावेत, ते पथ्यावर पडलं. सोफ्यामागे डोक्याच्या उंचीला १० सेंमीचं पॅनेल लावा. त्याने बेस बदलणार नाही, पण डोक्यामागच्या भिंतीचं परावर्तन कमी होऊन मधला आवाज स्वच्छ होईल.

ओहमकर

खर्जदारांच्या सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचं काय पण? डोकं मागच्या भिंतीपासून ३० सेंमी धरलं तर स्पीकरच्या रेषेपर्यंत २.८५ मीटर उरतात. ३ मीटर रुंदीत स्पीकर फार तर २ मीटर लांब ठेवता येतील. कोन ६० ऐवजी ३९ अंश. चित्र अरुंद होणार.

आलेखराव

होणार. पण ३९ अंशांत मधला आवाज उलट जास्त घट्ट बसतो, आणि घुमणारा डग्गा रोज ऐकण्यापेक्षा ते परवडलं. स्पीकर कमी वळवा, रुंदी थोडी परत मिळेल. १.०५ इतकं पुढे आणणं शक्य नसेल तर ७५ सेंमीलाही ८२ बराच बसतो, उरलेल्याला ८२ वर ५-६ डीबीची अरुंद काप, क्यू (काप किती अरुंद त्याचा आकडा) ५ च्या आसपास.

खर्जदार

१.०५ वर आणले. ८२ गेला. मोनो आवाज मध्ये, आधीपेक्षा मागे आणि बारीक. पण पखवाज आता हलका वाटतो.

जुनंसोनं

भिंतीची भर गेली ना. आधी पोर्टमध्ये बोळा घातला असेल तर काढा. मग बेसची खुंटी २ डीबी. त्याहून जास्त लागली तर सब-वूफर (फक्त खालच्या स्वरांची वेगळी पेटी), ८० ला क्रॉसओव्हर (त्याखालचे स्वर तिच्याकडे), आणि तो समोरच्या भिंतीला ठेवू नका, नाहीतर ८२ परत येईल.

खर्जदार

बोळा होताच! काढला. खुंटी दीड डीबीवर आहे. सब-वूफरचा विचार नाही.

वूफरराव

आता स्पीकर खोलीत मीटरभर पुढे आलेत. घरच्यांची प्रतिक्रिया वेगळ्या धाग्यात येऊ द्या.